तोफ झाली का?

आपल्या आईनं, हाज्जा तफीदानं रोजे धरलेत, ही बातमी शाहिराला वृद्धाश्रमाच्या जिन्यातच मिळाली.

"अब्ला, तुमच्याकडे आमची मिठाई लागू झाली बरं का," चादरींचं बोचकं काखेत मारून सबाह वरून उतरत होती. सबाह म्हणजे तिथली आया, वरच्या मजल्यावरच्या सगळ्या पलंगांना मिळून एकटीच. "सकाळी दूध घेऊन गेले तर आईंनी माझा हात झटकला. म्हणतात, रमजानात दूध पाजतेस, लाज नाही वाटत? मी रोज्यात आहे. बोला आता. आमचा दरवान मागच्या गच्चीवर चोरून सिगारेटी ओढतो, आणि या वयात ही बाई रोजे धरते."

शाहिरा कठड्याला हात टेकून उभी राहिली. "असं म्हणाली? अगदी असंच?"

"खोटं कशाला बोलू, तेही तोंड कोरडं असताना?"

कित्येक आठवड्यांत आईच्या तोंडून आलेलं हे पहिलं धड बोलणं होतं. शरद ऋतूत न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर ती हळूहळू विझत चालली होती. कधी शाहिराला आपली मेलेली बहीण समजायची, कधी कपडे शिवणारी बाई. आणि आज तिला रमजान आठवला होता, रोजा आठवला होता, शिवाय दुसऱ्याला झापायचं कसं तेही आठवलं होतं.

आईला इथं ठेवलं होतं ते फक्त हिवाळ्यापुरतं. अलेक्झांड्रियाच्या मुहर्रम बे वस्तीतलं त्यांचं घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शाहिरा दिवसभर शाळेत अरबी शिकवायची. शाळेत आणि गल्लीतही सगळे तिला शिक्षिकेला म्हणतात तसं अब्लाच म्हणत. भाऊ इहाब नोकरीसाठी सौदीत, दम्माममध्ये. त्यानंच फोनाफोनी करून हे ठिकाण शोधलं होतं, समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीतला दुमजली बंगला, दारात बोगनवेल. गल्लीत मात्र 'पायाच्या व्यायामासाठी ठेवलंय' असंच सांगितलं होतं. आईला परक्यांच्या हवाली करणं ही त्या गल्लीत मोठ्यानं बोलायची गोष्ट नव्हती. पण ईदला आई घरी येणार हे ठरलेलं होतं. शेजारच्या अतियातचे दोघे मुलगे तिला खुर्चीत बसवून पाच मजले वर आणणार होते. खुर्चीसुद्धा ठरली होती. ईदच्या कहक बिस्किटांसाठी शाहिरानं तूप आणून ठेवलं होतं. कहक ती करणार, आणि पहिला तुकडा मोडून 'मैदा कच्चा राहिला' असं आई म्हणणार, दर वर्षी म्हणायची तसं.

संध्याकाळी तिनं अतियातला सांगितलं, तेव्हा अतियातचे डोळे भरून आले.

"अगं, आम्ही धडधाकट माणसं दुपारी तीनला मरायला टेकतो. माझा नवरा तर असरच्या नमाजानंतर बोलायचंसुद्धा बंद करतो, म्हणे बोलण्यानं तहान लागते. खरं म्हणजे त्याला भांडी घासायला सांगेन म्हणून. आणि तुझी आई! आतल्या मुळांना ओल आहे गं तिच्या."

मग तिनं इहाबला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तिला सांग, माझ्यासाठी दुआ माग. रोजेदाराची दुआ रिकामी जात नाही."

म्हाताऱ्या आणि आजारी माणसाला रोजा माफ असतो, हे शाहिराला कोणी सांगायला नको होतं. दर रमजानात ती मुलांना तेच शिकवायची. म्हणून दुसऱ्या दिवशी ती खाली मदाम मीरवतकडे गेली. आश्रम चालवायची ती मदाम मीरवत. तिच्या खोलीत हीटर होता आणि काचेच्या बशीत प्लास्टिकचं कमळ.

"अब्ला, तुम्ही शिकलेल्या बाई," मदाम मीरवत म्हणाली. "तिच्या दातांमधून चमचा घुसवू का मी? संध्याकाळी रोजा सोडायची तोफ झाली की आम्ही पोटभर जेवू घालतो, पहाटे सहेरीला दही देतो. तिचा जीव रमलाय त्यात. पण तुम्ही लेक आहात. तुम्ही नको म्हणाल तर आजपासून बंद."

शाहिराला आईचा झटकलेला हात दिसला. स्वतः पाहिला नव्हता तरी दिसला.

"असू दे," ती म्हणाली. "तिचं मन आहे तर असू दे. फक्त तोफेनंतर पाणी भरपूर द्या."

मदाम मीरवतनं दोन्ही डोळ्यांना बोटं लावली. म्हणजे, तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर, शिरसावंद्य.

त्यानंतर शाहिरा रोज शाळा सुटली की येऊ लागली. आईला कमी ऐकू यायचं, म्हणून घरातला जुना रेडिओ तिनं उशाशी आणून ठेवला, आवाज पूर्ण वाढवून. खरी तोफ त्यांच्या भागात ऐकू यायची नाही, ती रेडिओवरच वाजायची. पण आईच्या लेखी बांग झाली तरी तोफ झाल्याशिवाय घोट घेणं म्हणजे घाई. लहानपणी शाहिरानं ग्लास तोंडाशी नेला की आई दोन बोटांनी तो खाली दाबून धरायची, तोफेपर्यंत.

"तोफ झाली का?" ती आल्या-गेल्या प्रत्येकाला विचारायची.

"अजून नाही, आई. वेळ आहे."

"बरं. मग गप्प बसते." आणि हात छातीवर घडी करून ती डोळे मिटून घ्यायची, एखाद्या आज्ञाधारक मुलीसारखी. शाहिराला ते बघायला आवडायचं. गल्लीत ती ते करून दाखवायची.

सूर्य कलायला लागला की भेटायला आलेली सगळी माणसं चपला शोधू लागत. लेकी, सुना, नातवंडं, सगळ्यांना तोफेच्या आत घर गाठायचं असे. मायक्रोबसवाले त्या घटकेला जीव खाऊन गाड्या हाणतात आणि मग एकदम सगळं अलेक्झांड्रिया रिकामं होतं, कुत्र्यामांजरांचं होतं. त्या घटकेला कोणी परक्या छताखाली नसतं. त्यामुळे इफ्तारच्या वेळी वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर काय चालतं, हे एकाही लेकीनं कधी पाहिलेलं नव्हतं. शाहिरा सुक्या फळांच्या पाण्याची बरणी सबाहच्या हातात द्यायची, 'आईला इफ्तारला द्या' म्हणायची आणि पळायची.

शेजारच्या पलंगावर ऑजिनी होती. ख्रिस्ती बाई, टपाल खात्यातून निवृत्त झालेली, पाय गेलेले आणि जीभ शाबूत. तिला भेटायला कोणी यायचं नाही, म्हणून ती दुसऱ्यांच्या पाहुण्यांवर हक्क सांगायची.

"पोरी, मला विचार की कशी आहेस म्हणून. तोंड झिजेल का तुझं?"

"कशा आहात, मावशी?"

"दोन दोन उपास करते आहे. आमचा ईस्टरचा चालूच आहे, वर इथे आल्यापासून तुमचाही लागला. वर गेल्यावर दोन्ही दारं उघडी मिळतील. ज्या दारात गर्दी कमी, तिथून शिरेन."

शाहिरा हसली. ऑजिनीही हसली, हसता हसता खोकली. घरी जाऊन शाहिरानं तो विनोद अतियातला सांगितला, अतियातनं नवऱ्याला.

रमजान अर्धा उलटला आणि हिवाळा सरताना दर वर्षी येणारं हुसूमचं वादळ आलं. समुद्र रस्त्यावर चढला, गारठा भिंतींतून आत शिरला. आश्रमाच्या खिडक्यांच्या फटी बुजवायला आतून प्लास्टिकचा जाड कागद ठोकला होता. तो वाऱ्यानं फुगायचा आणि बसायचा, जणू तोच श्वास घेतोय. खोकला आधी दाराकडच्या पलंगावर लागला. मग एकेक पलंग घेत खिडकीकडे सरकला. एके दिवशी दाराकडचा पलंग रिकामा होता, गादी उभी करून ठेवलेली.

"त्या आपल्या मुलाकडे गेल्या," सबाह म्हणाली.

"गेली तर खरी मुलाकडेच," ऑजिनी भिंतीकडे बघत म्हणाली. "तो तिच्या आधीच गेला होता."

आईचा खोकला कोरडा होता, वरवरचा. नंतर तो खोल गेला. तिचे ओठ फुटले होते, बोलताना जीभ टाळ्याला चिकटून सुटायची आणि बारीकसा आवाज व्हायचा.

"सबाह, हिचं तोंड बघ कसं झालंय."

"रोज्यात होतं तसं, अब्ला. माझं बघा." सबाहनं आपले ओठ पुढे केले. खरंच फुटलेले होते. शाहिरानं स्वतःच्या ओठांवरून जीभ फिरवली. तेही कोरडे होते. सगळ्या शहराचे कोरडे होते.

"रेडिओ कुठे गेला?"

"सेल संपलेत. आणायचे राहिले बघा."

मदाम मीरवतला तिनं खोकल्याचं सांगितलं. मदाम मीरवत म्हणाली, छातीचं औषध चालू केलंय, डॉक्टर गुरुवारी येतात, आणि या वाऱ्यात अलेक्झांड्रियात कोण खोकत नाही ते दाखवा मला. शाहिरा घरी गेली. मैदा चाळून ठेवला. अतियातच्या मुलांनी खुर्ची उचलून बघितली, अतियातला तिच्यात बसवून. ती पहिल्याच वळणावर 'मेले, मेले' करत उतरली आणि म्हणाली, हाज्जा निम्म्या वजनाची आहे, जमेल.

गुरुवारी डॉक्टर आले की नाही, कोणाला नक्की सांगता येईना.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी शाहिरा आश्रमातून निघाली आणि कोपऱ्यावरच अडकली. पावसाचं पाणी गुडघाभर साचलं होतं, एकही मायक्रोबस थांबेना. बांग झाली तेव्हा ती एका बंद दुकानाच्या पायरीवर उभी होती. रस्त्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना खजूर वाटणाऱ्या एका माणसानं तिच्या हातात पुडी कोंबली आणि 'घ्या, बाई, घ्या' म्हणत पुढे पळाला. तिनं एक खजूर तोंडात टाकला. उरलेले दोन मुठीत धरले. आज आईबरोबर इफ्तार करावा, असं तिच्या मनात आलं आणि इतकी वर्षं शिकवून, वाचून, शहाणं होऊनही तिला एखाद्या पोरीसारखा आनंद झाला. ती पाण्यातून वाट काढत परत फिरली.

खालच्या जेवणघरात झगझगीत दिवे होते. सबाह, स्वैपाकी, दरवान आणि खालच्या मजल्याची आया, सगळे टेबलाला बसले होते. टेबलाच्या मधोमध रेडिओ चालू होता. त्याच्या मुठीला शाहिरानंच लाल दोरा बांधलेला होता.

"अब्ला! या, या, बसा," दरवान उठला. "सूप गरम आहे."

"आईबरोबर बसते," शाहिरा म्हणाली.

सबाहचा घास तोंडातच राहिला. "थांबा, मी येते, वर दिवा..."

शाहिरा तोवर जिना चढत होती.

वर अंधार होता. बोळातल्या एका दिव्याचा उजेड पलंगांच्या पायांपर्यंत येत होता, त्यापुढे नाही. प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी एकेक ताट ठेवलेलं होतं. ऑजिनीनं आपलं ताट कसंबसं पोटावर ओढून घेतलं होतं आणि ती हातानं भात खात होती; अर्धा चादरीवर सांडला होता. आईचं ताट पायांपलीकडच्या स्टुलावर होतं. सूपावर साय धरली होती. आई सपाट निजलेली, उशी कुठेतरी खाली घसरलेली, आणि तिचा श्वास पाण्यातून ओढल्यासारखा येत होता. शाहिरानं कपाळाला हात लावला आणि मागे घेतला.

"आई. तोफ झाली."

आईनं डोळे उघडले. "खरंच?"

"खरंच. मी आत्ताच रोजा सोडला."

आईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तक्रार न करता, टपाल आलं का असं विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं, "मग मला का नाही कोणी सांगत?"

शाहिरानं तिला पाठीला हात लावून उठवलं. अंगात काही उरलंच नव्हतं, नाईटगाऊन तेवढा जड होता. ग्लास लावल्यावर आईनं तो दोन्ही हातांनी धरला आणि प्यायली, ठसकली, खोकली, पुन्हा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. आणखी हवं म्हणून तिनं ग्लास सोडला नाही.

"मी सांगते की तिला रोज," अंधारातून ऑजिनी म्हणाली. "ती म्हणते, तू ख्रिस्ती बाई, तुला तोफेतलं काय कळतं? रोजेदाराला विचार. रोजेदार खाली जेवत असतो."

शाहिरानं घसरलेली उशी आईच्या पाठीशी लावली.

"रात्री विचारते. पहाटे विचारते. ती पोरगी सांगते, अजून नाही हाज्जा, झोपा. आणि ही झोपते. देवानं एवढी गुणी बाई माझ्या शेजारी कशाला टाकली, कळत नाही."

"मला का नाही सांगितलंत, मावशी?"

"सांगितलं होतं," ऑजिनी म्हणाली. "तू हसलीस."

सबाह दारात उभी होती. ओढणीला हात पुसत होती, पुसून झाले तरी पुसतच होती.

"अब्ला, मी एकटी आहे. ताट ठेवून जाते, परत येते तर तसंच असतं. त्या नकोच म्हणतात."

"तू तिला अजून नाही म्हणत होतीस."

"सारखं विचारतात हो. झाली म्हटलं की जेवण मागणार. मग बसवा, टेका लावा, एकेक चमचा भरवा, तो उतरेपर्यंत थांबा, तोवर तिकडून दुसरी हाका मारणार. एकदा वैतागून म्हटलं अजून नाही, तर गप्प राहिल्या." तिचा आवाज खाली गेला. "मग तेच म्हणायला लागले. वाईट मनानं नाही, अब्ला. मला वाटलं सहेरीला ती खालची आया पाजते. तिला वाटलं मी पाजते."

मदाम मीरवत फोनवर म्हणाली, ऐन इफ्तारच्या वेळी कुठे नेता तिला, सकाळी डॉक्टरांना बोलावते, छातीत थोडा कफ आहे एवढंच. शाहिरानं फोन बंद केला. रुग्णवाहिका यायला वेळ लागला. चालक अजून चावत होता. दरवान आणि स्वैपाक्यानं आईला चादरीत घालून जिन्यावरून खाली आणलं. खालच्या टेबलावर रेडिओवरचं कुठलंसं गमतीचं नाटुकलं चालू होतं. तो बंद करावा असं कोणाला सुचलं नाही.

रुग्णालयात डॉक्टर बासिम म्हणून एक तरुण होता, तिच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्यानं आईची छाती दोन्ही बाजूंनी ऐकली, मग तोंड उघडून टॉर्च मारला. चिमट्यानं टाळ्यावरून वाळलेली पापुद्र्यासारखी काहीतरी खपली काढली, आणि दुसरी.

"पाणी शेवटचं कधी दिलं होतं?"

"मी दिलं, निघताना."

"त्याआधी?"

"ती रोज्यात होती."

बासिमनं मान वर केली. "कधीपासून?"

"रमजान लागल्यापासून," शाहिरा म्हणाली आणि आपलं वाक्य तिला ऐकू आलं.

त्यानं हातमोजे काढले. मग त्यानं सांगितलं ते साधं होतं. आश्रमातला खोकला हिला लागला, ते एक. पण त्याआधीच अंगातलं पाणी आटलं होतं, तोंड कोणी साफ केलेलं नव्हतं, आणि जे काही थोडंफार भरवलं होतं ते आडवं निजवून, त्यामुळे ते पोटात न जाता छातीत गेलं होतं. गिळायची ताकद राहिलेली नाही. दोन्ही फुप्फुसं भरली आहेत.

"तोंडावाटे आता काही द्यायचं नाही, अब्ला. थेंबसुद्धा नाही."

"तिला तहान लागली आहे."

"माहीत आहे. शिरेतून पाणी चाललंय, शरीराला ते मिळेल. पण घशातून दिलं तर ते फुप्फुसातच जाणार. ओठ ओले करा कापसानं. तेवढंच."

"मी दिलं होतं ते पाणी..."

"ते सोडा आता," बासिम म्हणाला.

आईच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. दुसऱ्या दिवशी तिला जरा हुशारी वाटली. तिनं मुखवटा एका बोटानं बाजूला सरकवला आणि शाहिराकडे पाहिलं.

"तोफ झाली का?"

"झाली, आई," शाहिरा लगेच म्हणाली. आता कधीच, कोणत्याही घटकेला, दुसरं उत्तर द्यायचं नाही असं तिनं रुग्णवाहिकेत ठरवलं होतं.

आईनं तोंड उघडलं आणि वाट पाहू लागली.

शाहिरानं कापूस ओला करून ओठांवर फिरवला. आईनं तो ओठांत धरून चोखला. कापूस काढून घेतला तरी तिचं तोंड उघडंच होतं. तिची नजर शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या पाण्याच्या बाटलीवर गेली, तिथून शाहिराच्या चेहऱ्यावर आली आणि तिथे थांबली. त्या नजरेत राग नव्हता. तोफ झाली असताना आपली लेक आपल्याला पाणी का देत नाही, एवढंच ती समजून घ्यायला बघत होती. काही वेळानं तिनं हात पुढे केला, ग्लास धरायला करतात तसा. शाहिरानं तो हात आपल्या हातात घेतला. आईनं तो सोडवून घेतला आणि पुन्हा तसाच धरला.

दुपारी तिनं पुन्हा विचारलं.

शाहिरा खिडकीतून बाहेर बघत होती. वादळ गेलं होतं, स्वच्छ ऊन पडलं होतं, समुद्र निळा होता. तिनं वळून आईच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"अजून नाही, आई," ती म्हणाली. "वेळ आहे."

"बरं," आई म्हणाली. "मग गप्प बसते."

तिनं तोंड मिटलं. हात छातीवर घडी केले, एका हाताला सुई होती तरी. चेहऱ्यावरचा तो गोंधळ गेला. आता कापूस ओठांना लावला की ती मान फिरवायची. रोजा मोडायचा नव्हता तिला. म्हणून ती झोपली की शाहिरा हळूच ओठ ओले करायची आणि दचकून थांबायची, चोरी पकडली जावी तशी.

ती पुढे रोज विचारत राहिली. शाहिरा सांगत राहिली. सबाहला जे जमलं होतं तेच, त्याच सुरात. इहाबनं फोन केला, तिकीट मिळालं, ईदच्या आदल्या दिवशी पोचतो. "ईदला घरी आणू ना तिला, ताई?" शाहिरा हो म्हणाली. अतियातनं विचारलं, खुर्ची तयार ठेवू ना? तिलाही ती हो म्हणाली. बासिमनं तिला बाजूला घेऊन सांगितलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

शेवटच्या सकाळी आईनं मुखवटा सरकवला नाही, आतूनच ओठ हलवले. मुखवटा धुरकटला आणि स्वच्छ झाला. काय विचारलं ते ऐकायची गरज नव्हती.

"अजून नाही, आई."

आईनं डोळे मिटले. दुपार व्हायच्या आत ती गेली, तोंड मिटलेलं.

असरच्या नमाजानंतर तिला दफन केलं. इहाब पोचू शकला नाही. पुरुष कबरस्तानातून परतले तेव्हा पाचव्या मजल्यावरचं घर बायकांनी भरलं होतं. आईला वर आणायची ती हातांची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती, आणि जागा कमी असूनही तिच्यावर कोणी बसत नव्हतं. रोजे असल्यामुळे कॉफी फिरत नव्हती. बायका नुसत्या बसल्या होत्या.

"नशीबवान बाई," एकजण म्हणाली. "रमजानात गेली, तेही रोज्यात."

"तिच्यासाठी वेगळं दार असतं तिकडे. रोजेदारांचं."

"रय्यान. त्या दारातून आत गेलेल्याला पुन्हा कधी तहान लागत नाही."

मदाम मीरवतही आली होती. काळे कपडे, काळा चष्मा कपाळावर. तिनं शाहिराला मिठी मारली आणि तिचा हात धरून शेजारी बसली. "पहिल्या दिवसापासून मी सांगत होते सगळ्यांना," ती इतर बायकांना म्हणाली, "आमच्याकडे एक वली, संत बाई आलीय म्हणून. घोटभर पाण्याला शिवली नाही. आम्ही विनवायचो. पण नाही."

बायकांनी माना हलवल्या. कोणीतरी डोळे पुसले.

"ती रोज्यात नव्हती," शाहिरा म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात चूक सुधारताना असायचा तसाच होता.

"तिला पाणी दिलं नाही. तोफ झाली की ती पाणी मागणार होती. म्हणून तोफ झाल्याचं तिला कोणी सांगितलं नाही. रात्रभर नाही, पहाटे नाही. यांच्या घरात." तिनं आपला हात मदाम मीरवतच्या हातातून काढून घेतला. "ती तहानेनं गेली."

मदाम मीरवतनं चष्मा कपाळावरून काढला, घडी केला आणि पर्समध्ये ठेवला.

मग अतियात उठून आली, जमिनीवर शाहिराच्या पुढ्यात बसली आणि तिचे गुडघे दाबू लागली. "असं नको गं बोलू," ती कुजबुजली. "तुझं दुःख बोलतंय. समजतं आम्हाला. पण असं बोलून तिचं पुण्य कमी करू नकोस. किती कष्टानं मिळवलंय तिनं."

"हो गं बाई," दाराजवळून कोणीतरी म्हणालं. "मेलेल्या माणसाचा रोजा मोडू नये."

मदाम मीरवत मान खाली घालून बसून राहिली. एका बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

शाहिरानं त्यांच्याकडे पाहिलं. यातल्या अर्ध्याअधिक बायकांना आईनं कहकचं पीठ मळायला शिकवलं होतं. आईच्या रोज्याची गोष्ट या खोलीत तिनंच आणली होती, हात छातीवर घडी करून करून दाखवली होती, आणि आता ती त्यांची झाली होती. ती परत मागून मिळणार नव्हती. तिनं तोंड मिटलं.

बाहेरचा उजेड गेला. स्वैपाकघरातून भांड्यांचे आवाज येऊ लागले. शेजारणी घरून आणलेलं गरम करत होत्या. खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी रेडिओवर बांगेच्या आधीची ती ओळखीची शांतता पसरली, आणि मग तोफ झाली. जिन्याच्या पोकळीतून ती पाचव्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू आली.

सगळ्यांचे हात एकदम पुढे गेले. अतियातनं खजुराचं ताट फिरवलं आणि पाण्याचा ग्लास भरून शाहिराच्या हातात दिला, तिची बोटं स्वतः त्याच्याभोवती मिटवली.

"तोफ झाली, शाहिरा. पी."

शाहिरा प्यायली. पाणी कुठेही न अडता सरळ खाली उतरलं.